अवयव बरोबर, उत्तर चूक: शून्य नक्की कुठे निसटतं?

वर्गसमीकरणाचे अवयव बरोबर पडलेत, चिन्हं नीट आहेत, आकडेमोडीतही खोट नाही, आणि तरी उत्तर जुळत नाही. कधी दोन मुळांपैकी एकच हाती लागतं. कधी भलतीच मुळं येतात आणि ताळा बसत नाही. कधी एक मूळ जास्तीचं निघतं, जे मूळ समीकरणात ठेवताच सगळं कोलमडतं.

वह्या तपासताना ही तक्रार सतत समोर येते. विद्यार्थी बिचारा मधल्या पदाची फोड पुन्हा पुन्हा तपासत बसतो, पण दोष तिथे नसतो. उजव्या बाजूला शून्य नसतानाच कंस सोडवायला घेतलेले असतात, किंवा नकळत शून्याने भागलेलं असतं, किंवा कुठला अवयव शून्य होऊ शकतो आणि कुठला नाही यात गल्लत झालेली असते. पहिले दोन दोष सर्वांत जास्त आढळतात, म्हणून त्यांच्यावर जरा जास्त वेळ घालवू.

उजवीकडे शून्य नाही

हे उदाहरण घ्या:

(क्ष − १)(क्ष − ४) = १०

वहीत पुढची ओळ बऱ्याचदा अशी दिसते: क्ष − १ = १० किंवा क्ष − ४ = १०, म्हणून क्ष = ११ किंवा क्ष = १४. ताळा करून बघा. क्ष = ११ ठेवलं तर पहिला कंस १०, दुसरा ७, गुणाकार ७०. क्ष = १४ ठेवलं तर १३ गुणिले १०, म्हणजे १३०.

विद्यार्थ्याच्या डोक्यात "प्रत्येक कंस उजव्या बाजूइतका ठेवायचा" अशी कृती बसलेली असते. उजवीकडे शून्य असेपर्यंत ती कृती बरोबर उत्तर देते, त्यामुळे तिच्यावर विश्वास बसतो. पण असा नियम मुळात नाहीच. नियम एवढाच आहे: दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल, तर त्यांतली निदान एक शून्य असते. हे भाग्य शून्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही संख्येला नाही.

दहा हा गुणाकार किती प्रकारांनी येतो पाहा. १ × १०, २ × ५, −२ × −५, १/२ × २०, १/१० × १००, अशा जोड्या संपतच नाहीत. गुणाकार दहा आहे एवढ्यावरून पहिल्या कंसाबद्दल एकच गोष्ट कळते, की तो शून्य नाही. बाकी तो काहीही असू शकतो. उजवीकडे शून्य आलं की मात्र पर्याय दोनच उरतात.

असं का होतं, याची सिद्धता दोन ओळींची आहे आणि ती एकदा स्वतःच्या हाताने लिहावीच. समजा अ × ब = ० आणि अ शून्य नाही. मग १/अ ही संख्या आहे. दोन्ही बाजूंना तिने गुणा. डावीकडे ब उरतो, उजवीकडे शून्य शून्यच राहतं. म्हणून ब = ०. हीच कृती उजवीकडे १० ठेवून केली तर ब = १०/अ एवढंच मिळतं, म्हणजे अ कळल्याशिवाय ब कळत नाही आणि ब कळल्याशिवाय अ. गाडी तिथेच अडते.

कुठल्याही संख्येला शून्याने गुणलं की शून्य येतं, हा नियम ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्तात इतर शून्य-नियमांबरोबर मांडला. समीकरण सोडवताना आपण त्याच्या उलट दिशेने जातो: गुणाकार शून्य आहे हे माहीत असतं, आणि तिथून अवयवांकडे परत यायचं असतं. अवयवांचा गुणाकार शून्याबरोबर ठेवून समीकरणं उभी करण्याची रीत इंग्रज गणिती थॉमस हॅरियट यांच्या लेखनात ठळकपणे दिसते. त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १६३१ मध्ये छापला गेला, म्हणजे ब्रह्मगुप्तांच्या नियमांनंतर तब्बल हजार वर्षांनी. तेव्हा विद्यार्थ्याला सगळी पदं एका बाजूला घेण्याची पायरी निरर्थक वाटली, तर त्यात नवल नाही. ती का करायची, हे त्याला सांगायलाच हवं.

दुरुस्ती अशी. कंस सोडवा, सगळं डावीकडे आणा, उजवीकडे शून्य येऊ द्या, आणि नव्याने अवयव पाडा:

क्ष² − ५क्ष + ४ = १०
क्ष² − ५क्ष − ६ = ०
(क्ष − ६)(क्ष + १) = ०
क्ष = ६ किंवा क्ष = −१

ताळा: ५ × २ = १०, आणि −२ × −५ = १०. दोन्ही बसले. जुने कंस मोडावे लागतात याचं मुलांना वाईट वाटतं, "अवयव तर आधीच पाडून दिले होते ना?" पण ते अवयव क्ष² − ५क्ष + ४ चे होते. आपल्याला हवेत क्ष² − ५क्ष − ६ चे.

हाच दोष आणखी एका वेषात येतो. क्ष² − ५क्ष = −६ असं समीकरण असतं आणि डावीकडे क्ष सामाईक दिसतो, म्हणून क्ष(क्ष − ५) = −६ असं लिहून पुढे क्ष = −६ किंवा क्ष = −१ काढलं जातं. सामाईक अवयव काढण्यात चूक काहीच नाही, पण त्याचा इथे उपयोगही नाही. −६ डावीकडे आणा, क्ष² − ५क्ष + ६ = ० होईल, आणि मुळं २ व ३ मिळतील.

आता एक फसवं उदाहरण. शिकवणाऱ्यांनी हे जरूर जवळ ठेवावं:

(क्ष + ४)(३ − क्ष) = ६

चुकीच्या रीतीने सोडवा. क्ष + ४ = ६, म्हणून क्ष = २. ३ − क्ष = ६, म्हणून क्ष = −३. ताळा केला तर ६ × १ = ६, आणि १ × ६ = ६. दोन्ही उत्तरं बरोबर! आणि ही दोनच मुळं आहेत, एकही हरवलेलं नाही. असं उदाहरण वाट्याला आलं की चुकीची रीत कायमची पक्की होते.

इथे ती का चालली? दोन कंसांची बेरीज करून बघा. क्ष + ४ आणि ३ − क्ष मिळून ७, क्ष काहीही असला तरी. म्हणजे एक कंस ६ झाला की दुसरा आपोआप १ होतो, आणि ६ × १ = ६. आकडे तसे जुळवून घेतले आहेत. उजवीकडचा आकडा ६ ऐवजी १० करा, मग याच रीतीने क्ष = ६ येईल आणि ताळा १० × −३ = −३० असा निघेल. "माझं उत्तर तर बरोबर आलं" असं कुणी म्हणालं, तर उजवीकडचा आकडा बदलून तीच रीत पुन्हा वापरायला सांगा. रीत खरी असेल तर ती आकडा बदलल्याने ढासळत नाही.

आणखी एक जण (क्ष − १)(क्ष − ४) = १० बघून म्हणतो, १० = ५ × २, आणि कंसांमध्ये फरक ३ चा आहे, तेव्हा क्ष − १ = ५, क्ष − ४ = २, क्ष = ६. हा विचार चांगला आहे, त्याला चूक म्हणून लाल रेघ मारू नये. पण तो अर्धाच आहे: −२ आणि −५ ही जोडी सुटली, म्हणून −१ हे मूळ सुटलं. आणि मूळ अपूर्णांकात असतं तर अशी जोडी सुचणंच कठीण. शून्य आलं की जोड्या शोधाव्याच लागत नाहीत.

भागाकारात गेलेलं मूळ

३क्ष² = १२क्ष

दोन्ही बाजूंना ३क्ष ने भागलं, क्ष = ४ आलं, काम झालं. पण क्ष = ० ठेवून पाहा. डावीकडे शून्य, उजवीकडे शून्य. शून्य हेही मूळ होतं आणि ते भागाकाराच्या एका फटक्यात नाहीसं झालं.

कारण असं की ३क्ष ने भागताना आपण न बोलता धरून चाललो की ३क्ष शून्य नाही. ज्या एका किमतीला हे गृहीतक खोटं ठरतं, नेमकी तीच किंमत मूळ होती. हा योगायोग नाही. दोन्ही बाजूंना सामाईक असलेला अवयव जेव्हा शून्य होतो, तेव्हा दोन्ही बाजू शून्य होतात आणि समीकरण खरं ठरतं. म्हणजे सामाईक अवयव उडवला, की त्याच्याबरोबर दर वेळी एखादं मूळ जाण्याचा धोका असतोच.

क्ष एकटा असतो तेव्हा निदान शंका तरी येते. कंसाने भागताना तीही येत नाही:

क्ष(क्ष − ५) = ३(क्ष − ५)

दोन्हीकडचा (क्ष − ५) खोडला, क्ष = ३. पण क्ष = ५ ठेवलं तर दोन्ही बाजू शून्य. खोडण्याऐवजी एका बाजूला आणा:

क्ष(क्ष − ५) − ३(क्ष − ५) = ०
(क्ष − ५)(क्ष − ३) = ०

दोन्ही मुळं जागच्या जागी. आधी जो कंस खोडायचा मोह होत होता, तोच आता सामाईक अवयव म्हणून बाहेर येतो. मेहनत तेवढीच, हरवत काही नाही.

समीकरणाची कोटी, म्हणजे क्ष चा सर्वांत मोठा घात, वाढली की नुकसानही वाढतं. क्ष³ = ९क्ष घ्या. क्ष ने भागून क्ष² = ९, आणि घाईत वर्गमूळ काढून क्ष = ३. तीन मुळांपैकी दोन गेली. नीट मांडलं तर क्ष(क्ष² − ९) = ०, म्हणजे क्ष(क्ष − ३)(क्ष + ३) = ०, आणि ०, ३, −३ तिन्ही दिसतात. वर्गमूळ काढताना अधिक-उणे का लिहायचं, याचंही उत्तर इथेच आहे. क्ष² = ९ चा अर्थ (क्ष − ३)(क्ष + ३) = ०, आणि दोन कंसांची दोन मुळं.

त्रिकोणमितीतही हेच घडतं. २ साइन थीटा × कॉस थीटा = साइन थीटा, यात साइन थीटा खोडलं की ०° ते ३६०° मध्ये फक्त ६०° आणि ३००° उरतात. साइन थीटा बाहेर काढलं असतं तर ०°, १८०° आणि ३६०° हेही सापडले असते.

शून्य मूळ सोडून देण्याला मोठा इतिहास आहे. नवव्या शतकात बगदादचे गणिती अल-ख्वारिझ्मी यांनी समीकरणांचे सहा प्रकार केले. त्यातल्या "वर्ग बरोबर मुळं" या पहिल्या प्रकारात एक वर्ग त्याच्या पाच मुळांइतका (आपल्या भाषेत क्ष² = ५क्ष) असेल तर मूळ पाच, असं उत्तर ते देतात. शून्याचा उल्लेख नाही. त्यांच्या मांडणीत मूळ म्हणजे काहीतरी असलेली राशी, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने उत्तर पूर्ण होतं. आपण मात्र शून्याला संख्या मानतो, तेव्हा त्याला उत्तरातून वगळण्याचा अधिकार आपल्याला नाही.

भागायचंच असेल तर भागा, पण दोन फाट्यांनी जा. पहिला फाटा: भाजक शून्य असेल तर काय? ती किंमत मूळ समीकरणात ठेवून बघा. दुसरा फाटा: भाजक शून्य नाही, आता निर्धास्त भागा. दोन्हींची उत्तरं एकत्र लिहा.

आणि एक झटपट खूण. सगळं एका बाजूला आणल्यावर स्थिरपद उरलं नाही, म्हणजे प्रत्येक पदात क्ष आहे, तर शून्य हे मूळ आहेच. उत्तरात ते दिसत नसेल तर ते वाटेत कुठेतरी भागाकारात गेलं. काही जणांना ते सापडतं, पण "क्ष = ० म्हणजे उत्तरच नाही" असं समजून ते खोडतात. उत्तर नसणं वेगळं. क्ष² + ४ = ० ला वास्तव संख्यांत उत्तर नाही. क्ष² = ४क्ष ला दोन उत्तरं आहेत, आणि त्यांतलं एक शून्य आहे.

२ हा अवयव, पण मूळ नाही

२(क्ष − १)(क्ष − ४) = ० यावरून क्ष = २, १, ४ अशी तीन मुळं लिहिलेली सापडतात. वर्गसमीकरणाला दोनपेक्षा जास्त मुळं नसतात, एवढं आठवलं तरी चूक पकडता येते. पण कारणही समजून घ्या: नियम म्हणतो, तीन अवयवांपैकी निदान एक शून्य. २ कधीच शून्य होत नाही, म्हणून तो यादीतून बाद. क्ष(क्ष − ४) = ० मधला बाहेरचा क्ष मात्र शून्य होऊ शकतो, त्याला बाद करायचं नाही. (२क्ष − ३) = ० वरून क्ष = ३ लिहिणारे आणि (क्ष + ३) = ० वरून क्ष = ३ लिहिणारे, दोघांनाही एकच प्रश्न विचारावा: ही किंमत ठेवल्यावर कंस शून्य होतो का?

इथेच एक गोंधळ फार त्रास देतो. समीकरणात २क्ष² − १०क्ष + ८ = ० असेल तर २ ने भागून क्ष² − ५क्ष + ४ = ० करता येतं, कारण शून्याला २ ने भागलं तरी शून्यच. पण प्रश्न नुसता "२क्ष² − १०क्ष + ८ चे अवयव पाडा" असा असेल, तर २ टाकून देता येत नाही. तिथे भागाकार झेलायला उजवीकडे शून्य नाही. राशी निम्मी होऊन जाईल. उत्तर २(क्ष − १)(क्ष − ४) हेच, आणि पुढे क्ष = १, क्ष = ४ लिहायचं नाही, कारण काही सोडवायला सांगितलेलंच नाही. बरोबरचं चिन्ह आणि शून्य स्वतःच्या मनाने जोडून प्रश्न बदलू नये.

छेदात शून्य

(क्ष² − ५क्ष + ६)/(क्ष − ३) = ० याला क्ष = २ हे एकच मूळ आहे. अंशाचे अवयव (क्ष − २)(क्ष − ३), पण क्ष = ३ ला छेद शून्य होतो आणि अपूर्णांकाला अर्थच उरत नाही. अंश शून्य हवा, छेद शून्य नको; दोन्ही अटी एकाच वेळी. छेदाने दोन्ही बाजूंना गुणून पुढे जाताना जास्तीचं मूळ येतं ते याच वाटेने. शून्य होऊ शकणाऱ्या राशीने भागलं तर मूळ जाऊ शकतं, गुणलं तर नको असलेलं येऊ शकतं. म्हणून छेद कधी शून्य होतो ते सुरुवातीलाच समासात लिहून ठेवावं.

ताळा करतानाची चूक

(क्ष − २)(क्ष − ३) = ० चा ताळा म्हणून पहिल्या कंसात २ आणि दुसऱ्या कंसात ३ ठेवून "० × ० = ०, बरोबर" असं लिहिलेलं आढळतं. क्ष एकाच वेळी दोन किमती घेत नाही. आधी सगळीकडे २: ० × −१ = ०. मग सगळीकडे ३: १ × ० = ०. दर वेळी एकच कंस शून्य झाला, आणि तेवढं पुरलं. हा ताळा शक्यतो कंसात नको, मूळ प्रश्नात ठेवूनच करावा, कारण कंस पाडतानाच चूक झाली असेल तर कंसात केलेला ताळा ती दाखवणार नाही.

ताळा जास्तीचं मूळ पकडतो, हरवलेलं पकडत नाही. त्यासाठी समीकरणाची कोटी बघा. कोटी तीन आणि मूळ एकच, तर मागे जाऊन कुठे भागलं ते शोधा. प्रत्येक वेळी दोष सापडेलच असं नाही; क्ष² − ६क्ष + ९ = ० म्हणजे (क्ष − ३)² = ०, तिथे ३ हेच मूळ दोनदा येतं आणि दुसरं शोधण्यात अर्थ नसतो.

हा नियम कुठे चालत नाही

गुणाकार शून्य म्हणजे एक अवयव शून्य, हे आपल्या नेहमीच्या संख्यांत खरं आहे, कारण शून्य नसलेल्या प्रत्येक संख्येला १/अ हा व्यस्त आहे. तो व्यस्त सगळीकडे मिळेलच असं नाही. फक्त ०, १, २, ३, ४, ५ या संख्या घ्या आणि प्रत्येक उत्तराला ६ ने भागून बाकी तेवढी ठेवा. आता २ × ३ = ६, बाकी शून्य. दोन शून्येतर संख्यांचा गुणाकार शून्य झाला.

या जगात क्ष² − ५क्ष + ६ = ० सोडवा. अवयवांवरून २ आणि ३ मिळतातच. पण क्ष = ० ठेवा: ६ उरतात, बाकी शून्य. क्ष = ५ ठेवा: २५ − २५ + ६ = ६, बाकी शून्य. एका वर्गसमीकरणाला चार मुळं! क्ष = ५ ला कंस होतात ३ आणि २, दोघांपैकी एकही शून्य नाही, तरी गुणाकार शून्य. ६ ऐवजी ७ ने भागून बाकी घेतली तर हा प्रकार होत नाही, कारण ७ ही मूळ संख्या आहे (१ आणि स्वतःशिवाय तिला कशानेही भाग जात नाही) आणि तिथे शून्य सोडून प्रत्येकाला व्यस्त सापडतो. वरची दोन ओळींची सिद्धता तिथे जशीच्या तशी चालते.

मॅट्रिक्स, म्हणजे ओळी-स्तंभांत मांडलेल्या संख्यांचे तक्ते, शिकताना हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. अ, ब, क या मॅट्रिक्स असतील आणि अब = अक असेल, तर अ खोडून ब = क लिहायची सवय घात करते. अ(ब − क) = ० एवढंच लिहिता येतं, आणि दोन शून्येतर मॅट्रिक्सचा गुणाकार शून्य असू शकतो. अ ला व्यस्त आहे हे आधी दाखवा, मगच खोडा.